मागणी एका मापाची

देशाने पौंड, पाइंट, मैल सोडून किलो, लिटर, किलोमीटर घ्यावेत का, हा वाद बहुधा विज्ञान विरुद्ध परंपरा असा लढवला जातो आणि म्हणूनच तो कुठे पोचत नाही. ताजे उदाहरण ब्रिटनचे. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथल्या सरकारने २०२२ मध्ये इम्पीरियल मापांना दुकानांत पुन्हा मोकळीक द्यावी का, याबद्दल लोकांची मते मागवली. माल कोणत्या मापात घ्यायला आवडेल, या प्रश्नाखाली पर्याय दोनच होते: इम्पीरियल मापात, किंवा इम्पीरियल मापात आणि सोबत मेट्रिकमध्ये. नुसते मेट्रिक हवे असणाऱ्याने खूण कुठे करायची, हे प्रश्नावली करणाऱ्यांना सुचले नव्हते. तरीही लाखाहून अधिक उत्तरे आली आणि त्यांतली ९८.७ टक्के मेट्रिकच्या बाजूची निघाली. पुढच्या वर्षअखेरीस विषय गुंडाळला गेला. पदरात पडले ते एवढेच की वाइन आता पाइंटच्या बाटलीतही विकता येईल. या खटाटोपामागची समजूत अशी की मेट्रिक पद्धत ब्रसेल्सने ब्रिटनवर लादली. प्रत्यक्षात मेट्रिककडे वळण्याचा निर्णय ब्रिटिश सरकारने देशी उद्योगांच्या मागणीवरून १९६५ मध्येच जाहीर केला होता. ब्रिटन युरोपीय समुदायात गेले ते १९७३ मध्ये.

मेट्रिकच्या कैवाऱ्यांची मांडणीही फारशी बरी नसते. अमेरिका, लायबेरिया आणि म्यानमार एवढेच तीन देश वेगळ्या रंगात दाखवणारा नकाशा फिरवायचा आणि उरलेले जग शहाणे ठरवायचे, यापुढे ती सहसा जात नाही. दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. मेट्रिक पद्धतीत दोन निराळ्या कल्पना एकत्र बांधलेल्या आहेत. एक म्हणजे साऱ्या देशात एकच माप असावे ही, आणि दुसरी म्हणजे ते दहाच्या पटीत असावे ही. दुसरी हिशेबाच्या सोयीची आहे. पहिली न्यायाची आहे, आणि देशांनी मापे बदलली ती मुख्यतः तिच्यासाठी.

दशमानाचा वंश सर्वपरिचित आहे. फ्लेमिश गणिती स्टेव्हिनने १५८५ मध्ये दशांश अपूर्णांक मांडले, इंग्रज विद्वान विल्किन्सने १६६८ मध्ये सार्वत्रिक मापाची योजना दिली, फ्रेंच पाद्री मूतोंने १६७० मध्ये पृथ्वीच्या परिघावरून लांबीचे एकक काढायचे सुचवले. फ्रान्समध्ये दलांब्र आणि मेशें या खगोलशास्त्रज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना हे रेखावृत्तावरचे अंतर मोजले आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमचा मीटर तयार झाला. तो ठरवल्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर आखूड निघाला. पुढे मीटर पृथ्वीवरून प्रकाशाच्या वेगावर गेला, २०१९ मध्ये किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर गेला, आणि 'निसर्गातून घेतलेले माप' हा अठराव्या शतकाचा अभिमान शोभेपुरता उरला.

न्यायाच्या कल्पनेचा वंश दुसरीकडे आहे. पोलिश इतिहासकार विटोल्ड कुला यांनी तो तपशिलाने दाखवला. सरंजामी युरोपात धान्याचे माप बाळगणे हा जमीनदाराचा हक्क होता आणि खंड त्याच्याच मापाने घेतला जाई. माप शिगेचे की सपाट, शीग किती उंच, मापाचे तोंड रुंद की अरुंद, धान्य किती उंचीवरून ओतायचे, या प्रत्येक गोष्टीत कुळाचे धान्य जात असे. रुंद तोंडावर शीग मोठी होते आणि उंचावरून पडलेले धान्य दबून बसते. पायली-अधोलीने धान्य मोजलेल्या घरांत हे कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. खंडाचा आकडा वर्षानुवर्षे तोच राही आणि माप मात्र फुगत जाई. म्हणून १७८९ मध्ये फ्रान्समधल्या गावांनी राजाकडे गाऱ्हाण्यांच्या वह्या पाठवल्या तेव्हा त्यांत एक राजा, एक कायदा, एक वजन, एक माप ही मागणी पुनःपुन्हा आली. दहाच्या पटीचे, रेखावृत्ताचे किंवा ग्रीक उपसर्गांचे गावांना काही देणेघेणे नव्हते.

मागणी शेतकऱ्यांनी केली आणि ती हाती घेतली विद्वानांनी. मधल्या काळात क्रांतीने १७ जुलै १७९३ रोजी सरंजामी देणी विनामोबदला रद्द केली. नव्या मापांचा पहिला कायदा आला १ ऑगस्टला, म्हणजे पंधरवड्याने. ज्या खंडासाठी एक माप हवे होते तो खंडच उरला नव्हता, आणि शेतकऱ्याच्या हाती आली ती डेकालिटर, हेक्टोग्रॅम अशी अपरिचित नावे. त्याने नाक मुरडले यात नवल नाही.

नेपोलियनने १८१२ मध्ये जुनी नावे परत आणली, हा प्रसंग मेट्रिकच्या विरोधकांना फार प्रिय आहे. लोकांनी मेट्रिक झिडकारले, असा त्याचा अर्थ लावला जातो. पण नेपोलियनने जुनी मापे आणली नाहीत, आणली ती जुनी नावे. नवा 'लिव्र' ५०० ग्रॅमचा होता, पॅरिसचा जुना लिव्र होता ४८९.५ ग्रॅमचा. नवा 'त्वाझ' बरोबर दोन मीटरचा, जुना १.९४९ मीटरचा. एका नावाची दोन वजने बाजारात आली की त्यांतले कोणते कधी वापरायचे हे विकणारा ठरवतो. हा गोंधळ पाव शतकाहून अधिक काळ चालला. १८३७ च्या कायद्याने जुनी नावे मोडीत काढली आणि १ जानेवारी १८४० पासून फक्त मेट्रिक उरले. १८१२ चा धडा लोकांच्या आवडीनिवडीबद्दलचा नाही. जुन्या नावाच्या आडोशाने जुने माप कसे टिकून राहते, हे तो सांगतो.

एकोणिसाव्या शतकात मेट्रिक पद्धत पसरली ती मुख्यतः नव्याने जुळणाऱ्या देशांत. इटली आणि जर्मनी एकत्र येत होते आणि संस्थानागणिक वेगळी मापे त्यांच्या गळ्यात होती. ब्राझीलमध्ये १८६२ च्या कायद्यानंतर १८७४ मध्ये ईशान्येकडच्या बाजारांत लोकांनी नवी वजने फोडली, पण तो राग नव्या करांवरचाही होता. १८७५ च्या मीटर करारावर १७ देशांनी सह्या केल्या, त्यांत अमेरिका होती.

इंग्लंड-अमेरिकेत ही कल्पना थबकली, त्याचे कारण तिथल्या लोकांचा हट्टी स्वभाव नव्हे. ब्रिटनने १८२४ मध्ये इम्पीरियल मापांचा कायदा करून आपल्यापुरते एक माप पक्के केले होते. अमेरिकेत जॉन क्विन्सी अॅडम्स यांनी १८२१ च्या अहवालात फ्रेंच पद्धतीची मनापासून स्तुती केली आणि शेवटी सल्ला दिला तो ती न घेण्याचा. राज्याराज्यांत मापे पुरेशी सारखीच होती. न्यायाचा प्रश्न आधीच सुटलेला असल्यामुळे मेट्रिकच्या बाजूने उरला तो फक्त गणिताचा मुद्दा, आणि आकडेमोड सोपी होईल म्हणून कुणी आपल्या दुकानातली वजने फेकून देत नाही. गंमत अशी की १८९३ पासून अमेरिकेचा यार्ड मीटरवरूनच ठरतो आणि १९५९ च्या आंतरराष्ट्रीय कराराने तो ०.९१४४ मीटर झाला. नकाशावरचा तो वेगळा रंग एवढ्यावर तरी खरवडायला हवा.

सर्वांत चुकीचा वाचला जातो तो भारताचा बदल. किलो-मीटर इंग्रजांनी आणले असे अनेकांना वाटते. जरा जाणकार असतील ते नेहरूंच्या विज्ञाननिष्ठेकडे बोट दाखवतात. इंग्रजी राजवटीत मेट्रिकची शिफारस झाली होती हे खरे. कर्नल स्ट्रॅची यांच्या समितीच्या शिफारशीवरून १८७० मध्ये शेर एक किलोचा धरणारा कायदा झाला, त्याला लंडनहून संमती मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी सुधारित कायदा आला, पण तो लागू करणारी अधिसूचना कधीच निघाली नाही. १९१३-१४ च्या समितीने मेट्रिक नाकारून १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण ही रेल्वेत रुळलेली पद्धत सुचवली. मुंबई प्रांताने १९३२ मध्ये वजनमापांचा आपला कायदा केला आणि १९३९ च्या केंद्रीय कायद्याने तोच तोळा, शेर आणि मण प्रमाण ठरवले.

इथे एक अडचणीची शंका येते. खरी मागणी एका मापाची होती, तर १९३९ मध्ये ती पुरी झाली. मग किलोची गरज काय होती? शेर देशी, ओळखीचा, आणि आता कायद्यानेही एक. पन्नाशीच्या दशकात हा आक्षेप घेतला गेला, आणि तो हलका नव्हता.

त्याचे उत्तर बाजारात होते. १९५३-५४ च्या सुमारास राष्ट्रीय नमुना पाहणीत सुमारे ११०० गावे तपासली तेव्हा वजनमापांच्या १४३ पद्धती चालू असलेल्या आढळल्या. प्रमाण मण ३२०० तोळ्यांचा, आणि प्रत्यक्षात कुठे २८० तोळ्यांचा तर कुठे ८३२० तोळ्यांचा. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून जड. या सगळ्यांचे नाव मणच. कायद्याने शेर ८० तोळ्यांचा ठरवला तरी गावचा व्यापारी आपल्या वजनाला शेरच म्हणत राहिला, आणि घेताना एक व देताना दुसरा शेर काढायला त्याला कुणाची आडकाठी नव्हती. प्रमाण शेर म्हणजे गर्दीत आणखी एका शेराची भर. किलोचे तसे नव्हते. तो कुणाच्याच गावचा नव्हता, त्याला स्थानिक भाऊबंद नव्हते, आणि हा 'आमच्याकडचा किलो' असे म्हणण्याची सोय कोणत्याही आडत्याला नव्हती. मेट्रिकचे परकेपण हा दोष म्हणून सांगितला जातो. भारतात तोच त्याचा सर्वांत मोठा गुण ठरला.

बदल ज्या क्रमाने झाला तोही शिकण्यासारखा आहे. आधी नाणी बदलली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नये पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, म्हणून कोष्टकात एक आणा म्हणजे ६, दोन म्हणजे १२, तीन म्हणजे १९ आणि चार आणे म्हणजे २५ नये पैसे असे ठरले. एकेक आण्याची वस्तू चार वेळा घेणाऱ्याला २४ पैसे पडत आणि चार आण्यांची एकदम घेणाऱ्याला २५. असल्या पैशा-दोन पैशांच्या भांडणांत लोक शंभराचा हिशेब शिकले आणि मगच वजने आली. १९५६ चा कायदा ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि मुंबई राज्याने त्याच वर्षी अंमलबजावणीचा स्वतंत्र कायदा केला. जुनी-नवी वजने काही काळ शेजारी चालू दिली. हा धोक्याचा काळ होता. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोचा भाव लावून शेर टाकला की गिऱ्हाइकाचे ६७ ग्रॅम गेले. हा काळ मुद्दाम आखूड ठेवला गेला आणि १ एप्रिल १९६२ पासून जुनी वजने देशभर बंद झाली.

पाव-अर्ध्यात विचार करणाऱ्या लोकांना दहाचे माप पेलत नाही, हा इंग्रजीत अजूनही ऐकू येणारा आक्षेप मंडईत उभे राहून पाहिला तर टिकत नाही. वजनांच्या सरकारी संचात ५०, १००, २००, ५०० ग्रॅम अशी चढण आहे, त्यात २५० नाही. भाजीवाली पाव किलोला २०० आणि ५० ची दोन वजने एका पारड्यात टाकते आणि पाव, दीड, अडीच ही सगळी परंपरा जिथल्या तिथे राहते.

भारतात बदल अपुरा राहिला तो जिथे जुने नाव जगले तिथे. महाराष्ट्रात सातबारा हेक्टर-आरमध्ये निघतो आणि व्यवहार एकर-गुंठ्यात बोलला जातो. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा. दोन्ही एकच धरले की एकरामागे जवळपास अर्ध्या गुंठ्याची तफावत येते आणि वाटणीच्या वेळी ती बांधावर उभी राहते. सोन्यात तर हुबेहूब १८१२ अवतरले आहे. तोळा म्हणून आज १० ग्रॅमचा भाव सांगितला जातो, आजीच्या पाटल्या मात्र ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने घडवलेल्या असतात. पाच तोळ्यांच्या पाटल्या मोडीत देताना ग्रॅमवर न आणता 'पाच तोळे'च धरले गेले, तर आठ ग्रॅमहून अधिक सोने हिशेबाबाहेर जाते. वैध मापन कायद्याने तोळा व्यवहारातून केव्हाच बाद झाला आहे. नाव तेवढे राहिले आहे.

या नजरेने पाहिले तर ब्रिटन आणि अमेरिकेने बदल करावा का, याचे उत्तर होकारार्थी येते, पण ते दहाच्या श्रेष्ठतेमुळे नव्हे. त्या देशांत आज दोन मापे नांदतात, कारखान्यात आणि प्रयोगशाळेत मेट्रिक, रस्त्यावर आणि घरात जुने, आणि १८२४ चा एका मापाचा दावा आता खुद्द त्यांच्याकडेच खरा राहिलेला नाही. मंगळाकडे निघालेले नासाचे यान १९९९ मध्ये नष्ट झाले, कारण एका संगणक कार्यक्रमाने पौंड-सेकंदात दिलेला आकडा दुसऱ्याने न्यूटन-सेकंदात वाचला. अर्धवट बदल हा न बदलण्याहून वाईट. कॅनडाने सत्तरीच्या दशकात सुरुवात केली, आणि १९८३ मध्ये ऐन संक्रमणात एअर कॅनडाच्या नव्या मेट्रिक विमानात इंधन भरताना लिटरचे किलो करण्याऐवजी पौंड केले गेले. विमानाचे इंधन हवेतच संपले आणि ते गिमली येथे तरंगत उतरवावे लागले. दोन वर्षांनी सरकारने सक्तीच सैल केली. ऑस्ट्रेलियाने उलट केले. १९७० मध्ये मंडळ नेमले, जुलै १९७४ च्या एका महिन्यात देशभरच्या रस्त्यांवरच्या पाट्या बदलल्या आणि मैल संपवला. आयर्लंडने २० जानेवारी २००५ रोजी वेगमर्यादा एका दिवसात किलोमीटरमध्ये आणल्या. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये असल्याने तिथे मैल चालू आहेत, आणि सीमा ओलांडणाऱ्या चालकाला एकाच सलग रस्त्यावर पाटीवरचा आकडा कोणत्या देशाचा आहे, हे आधी पाहावे लागते.