मोबदला मिळाला, न्याय मिळाला का?

अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. राजवाड्याला लागून भाजीचा मळा करायचा होता. राजाने आधी जबरदस्ती केली नाही. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला (१ राजे २१). मोबदला रास्तच होता. तरीही नाबोथाने नकार दिला, कारण ती त्याच्या वाडवडिलांची जमीन होती. पुढे खोटे साक्षीदार उभे करून त्याचा जीव घेण्यात आला.

आपल्या पालघर जिल्ह्यातून मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्गाची आखणी झाली आणि अनेकांची घरे व शेते त्यात गेली. रस्ता नकोच, असे आपण म्हणू शकत नाही. रुग्णवाहिका त्यावरूनच धावते, आपली भाजी व मासळी त्यावरूनच बाजारात जाते. अहाबाला मळा स्वतःसाठी हवा होता, रस्ता सर्वांसाठी असतो. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. सर्वांच्या सोयीसाठी तू घर सोड, असे एखाद्याला सांगण्याचा हक्क आपल्याला कशाने मिळतो?

पैसे दिले की मिळतो, असे आपण धरून चालतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मोबदला वाढवला आणि २०१५ पासून तो राष्ट्रीय महामार्गांनाही लागू झाला, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्याच कायद्यातील सामाजिक परिणामांचा अभ्यास या महामार्गांच्या संपादनाला बंधनकारक नाही. किती द्यायचे याचा हिशोब होतो. कोणाचे काय होईल, हे आधी विचारावेच लागत नाही.

मोजणीत गुंठे, विहीर, आंबा, नारळ, घराच्या भिंती येतात. अडीअडचणीला रात्री धावून येणारी शेजारीण येत नाही. पाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनेक आदिवासी कुटुंबांकडे घर असते, पण घराखालच्या जमिनीचा कागद नसतो. आणि जिथे पैसे येतात तिथे भावाभावांत भांडण येते, बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद येतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात गरीब वस्त्यांविषयी लिहिताना सांगितले आहे की, लोकांना हलवावेच लागले तर त्यांना आधी पुरेशी माहिती द्यावी, चांगल्या घरांचे पर्याय द्यावेत आणि त्यांना या प्रक्रियेत सहभागी करून घ्यावे. म्हणजे पैसे देणे ही न्यायाची सुरुवात आहे, शेवट नव्हे. ज्याला उठवले त्याला विचारले का, आणि तो पुन्हा माणसांत रुजला का, हेही पाहावे लागते.

हे काम केवळ सरकारचे नाही. रस्त्याचा लाभ आपणही घेतो. घर गेल्यामुळे आपल्या धर्मग्रामात भाड्याने राहायला आलेल्या कुटुंबाची मिस्सानंतर आपण विचारपूस करतो का? नोटीस न समजणाऱ्याबरोबर कचेरीत जातो का? बहिणीची सही घेण्याआधी तिचा वाटा देतो का?

एलिया संदेष्टा अहाबाला त्या मळ्यातच भेटला. मळा ताब्यात आला होता, पण देवाचा प्रश्न अजून बाकी होता. नव्या रस्त्यावरून जाताना तो आपणही ऐकावा.