मुंगीचे छायाचित्र आणि नयविचार

जैन तत्त्वविचारात जीवांची प्रतवारी त्यांच्या इंद्रियांवरून लावलेली आहे, आणि उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त कृमी, मुंगी, भुंगा व मनुष्य अशा चढत्या क्रमाने प्रत्येकाला एकेक इंद्रिय अधिक मानले आहे. त्यामुळे मुंगी त्रींद्रिय, म्हणजे स्पर्श, रस आणि गंध यांनीच जग जाणणारी ठरते. कळव्याच्या पूर्वेला पारसिकच्या डोंगरउतारावर आंब्याची पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंगीचे मॅक्रो लेन्सने छायाचित्र घेतले, तर मात्र तिचे टपोरे काळे डोळे स्पष्ट दिसतात आणि प्रतवारी तेवढ्यापुरती चुकली हे मान्य करावे लागते.

तरीही त्या प्रतवारीतला मर्मभाग छायाचित्राने खोडला जात नाही. मुंग्यांचा बराचसा व्यवहार गंधावर आणि मिशांच्या स्पर्शावर चालतो. पानाच्या कडा जुळवताना त्या एकमेकींची कंबर जबड्यात धरून साखळी करतात. मग काही कामकरी मुंग्या अळ्या तोंडात धरून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवतात, आणि अळीने स्वतःच्या कोषासाठी वापरला असता तो रेशमी धागा घरट्याच्या शिवणीत जातो, म्हणून या जातीचे कोषावस्थेतील जीव उघडेच राहतात. हा त्याग म्हणावा की निव्वळ देहधर्म, याचा निवाडा चित्रावरून होत नाही, कारण कामकरी मुंगीच्या मिशांनी अळीला जो इशारा मिळतो, त्यातला स्पर्श भिंगात उमटत नाही.

नय म्हणजे वस्तूच्या अनंत धर्मांपैकी एकाच अंगाने केलेले, तेवढ्यापुरते खरे असे कथन. इतर अंगे नाकारली की ते दुर्नय होते. हाती कॅमेरा धरून काढलेले चित्र हा नयच होय. मुंगीएवढीच प्रतिमा संवेदकावर पडते तेव्हा जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते, तीही छायाचित्रकाराने फोकसची कडी न फिरवता, श्वास रोखून, अंगच किंचित मागेपुढे झुकवले तर. शिवाय त्याचा श्वास घरट्याला लागला की मुंग्या जबडे फाकून, पोटाचा शेवट उंचावून उभ्या ठाकतात. जिला मुंगीची शूर मुद्रा म्हणून वाखाणले जाते, ती पुष्कळदा आगंतुकाला दिलेले उत्तर असते; चित्रात दिसत नसला तरी पाहणारा त्यात सामील असतोच.

मुंगी हलू नये म्हणून तिला शीतपेटीत गारठवून चित्र घेण्याची रीतही रूढ आहे. या रीतीला केवळ हिंसा म्हणून दोष देणे अपुरे आहे, कारण गारठलेल्या देहाची ठेवण जेव्हा मुंगीचे वर्तन म्हणून मांडली जाते, तेव्हा तेथे दुर्नयही घडतो. ईर्यासमिती, म्हणजे पुढची भूमी निरखून जीव न दुखावता चालण्याचा साधूचा नियम, छायाचित्रकाराला लागू करायचा तर पाऊल आणि श्वास दोन्ही त्यात येतात, आणि चित्राखालच्या ओळीत मुंगी कोणत्या स्थितीत होती हे लिहिणेही.