मागणाऱ्याचं देणं

एप्रिल 2021. पुण्या-मुंबईत, नागपुरात, नाशकात रात्री दोन वाजताही फोन वाजत होते. ‘एबी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय, अर्जंट. पेशंट व्हेंटिलेटरवर आहे.’ खाली जावयाचा नाहीतर भाच्याचा नंबर. असा निरोप या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जायचा आणि कुठेतरी कोणीतरी उठायचं. दीड महिन्यापूर्वी स्वतःच कोविडनं झोपलेलं, जिना चढताना अजून दम लागणारं माणूस एका अनोळखी पेशंटसाठी रक्तपेढी गाठायचं.

बऱ्या झालेल्याच्या प्लाझ्मातली प्रतिपिंडं आजाऱ्याला तारतील, ही आशा. पण प्लाझ्मा देणं रक्त देण्यापेक्षा वेळखाऊ. रक्त यंत्रात जातं, यंत्र त्यातला पिवळसर द्रव काढून घेतं आणि तांबड्या पेशी परत शरीरात सोडतं. त्यात तासभर सहज जातो. मध्येच थंडी वाजते, ओठांना मुंग्या येतात. लक्षणं जाऊन 28 दिवस झालेले लागत, वजन 50 किलोच्या वर लागे. एकदा गरोदर राहिलेल्या बाईला तर बहुतेक ठिकाणी नकारच मिळे. गरोदरपणात तिच्या रक्तात अशी प्रतिपिंडं तयार झालेली असू शकतात, की ती घेणाऱ्याच्या फुप्फुसांना इजा करतील. कोणाचा तरी जीव वाचावा म्हणून आलेली आई तशीच परत जायची. हा नियम कठोर होता, पण त्यामागे एक शास्त्रीय कारण होतं आणि ते तिला सांगता येत होतं.

बाकीच्यांना मात्र पुरेसं काही सांगितलं गेलं नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशातल्या 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर केलेल्या ‘प्लासिड’ चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर 2020 मध्येच प्रसिद्ध झाले होते. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी 19 टक्के रुग्ण गंभीर झाले किंवा दगावले. न मिळालेल्यांपैकी 18 टक्के. म्हणजे मध्यम आजारी रुग्णांना त्याचा उपयोग दिसला नव्हता. तरीही सहा महिन्यांनी, दुसऱ्या लाटेत, त्याहून कितीतरी अत्यवस्थ रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी दिली जात होती: प्लाझ्मा आणा. ऑक्सिजन आणि रेमडेसिविर शोधून थकलेल्या घरावर आणखी एक शोध लादला जात होता. महाराष्ट्र सरकारनं 200 मिलिलिटरच्या पिशवीला 5,500 रुपयांची मर्यादा घातली होती. फुकट दिलेल्या दानावर दर बांधावा लागतो, यातूनच त्या काळातली ओढाताण कळते.

याचा दोष देणाऱ्याकडे जात नाही. खरं तर ‘उपयोग नाही’ हे उत्तरही दात्यांमुळेच मिळालं. प्लासिडमधली प्रत्येक पिशवी कोणीतरी तासभर खुर्चीत बसून दिलेली होती. जून 2020 च्या अखेरीस महाराष्ट्रानं प्लाझ्मा उपचारांचा ‘प्रोजेक्ट प्लॅटिना’ सुरू केला, तेव्हा कोणालाच नक्की माहीत नव्हतं आणि म्हणूनच तेव्हाचं आवाहन प्रामाणिक होतं. तेच आवाहन उत्तर हाती आल्यानंतरही तसंच चालू राहिलं, हे चुकलं. अनोळखी माणसाच्या शरीरातलं काही मागताना, ते कशासाठी लागणार आहे आणि त्याचा गुण येण्याची शक्यता किती, हे सांगणं मागणाऱ्यावर बंधनकारक असतं.

मे 2021 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा अहवाल आला. 11,558 रुग्ण, दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण 24 टक्के. 17 मे रोजी भारतानं प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला आणि ते निरोप हळूहळू थांबले.

म्हणून प्लाझ्मादान हे खूळ होतं असं मात्र कोणी म्हणू नये. अर्जेंटिनाच्या मक्याच्या पट्ट्यात शेतातल्या उंदरांमुळे पसरणारा एक रक्तस्रावी ताप आहे, ‘हुनिन’ विषाणूचा. कापणीला गेलेले मजूर त्यात जायचे. तिथे हुलिओ माइस्तेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 188 रुग्णांवर केलेली चाचणी 1979 मध्ये प्रसिद्ध झाली. बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा ज्यांना मिळाला, त्या 91 पैकी एक दगावला. साधा प्लाझ्मा मिळालेल्या 97 पैकी 16. त्या सोळांचा विचार आजही अस्वस्थ करतो, पण त्यांच्यामुळेच पुढच्या प्रत्येक रुग्णाला काय द्यायचं हे ठरलं. अट एकच होती: आजाराच्या पहिल्या आठ दिवसांत द्यायला हवा.

कोविडमध्येही अर्जेंटिनानंच घाई न करता नेमका प्रश्न विचारला. लक्षणं सुरू झाल्यापासून 72 तासांच्या आत, प्रतिपिंडांनी समृद्ध प्लाझ्मा वृद्धांना दिला तर? 160 जणांच्या त्या चाचणीत श्वसनाचा त्रास गंभीर होण्याचं प्रमाण 31 टक्क्यांवरून 16 वर आलं. आपल्याकडचा प्लाझ्मा मात्र बहुतेकदा पेशंट व्हेंटिलेटरवर गेल्यावर शोधला जात होता.

हुनिनवर आता लस आहे. ताप येणारे कमी झाले, तसे त्यातून बरे होणारेही. तरी अधूनमधून एखादा रुग्ण येतोच आणि त्याच्यासाठी प्लाझ्मा साठवून ठेवावा लागतो. ज्यांच्या रक्तात तो मिळू शकतो, अशी माणसं दरवर्षी थोडी थोडी कमी होत आहेत.