प्रारब्ध आणि टक्केवारी

कंबरदुखी किती दिवसांत बरी होईल, याचे संशोधनातले उत्तर समूहाचे असते. विचारणारा मात्र एकटा असतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात नुकतीच कंबर धरलेल्या ९७३ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला गेला. सुमारे ७२ टक्के पूर्ण बरे झाले. अशा अभ्यासाची पारख करताना रुग्ण दुखण्याच्या आरंभीच निवडले होते का, हे आधी पाहावे. जुनाट दुखण्याचे रुग्ण मिसळले की चित्र उगाच काळवंडते. मधेच किती गळाले, हेही पाहावे. न परतलेले बरे होऊन गेले की कंटाळून, कोण सांगणार?

जुन्या जालन्यात आनंदी स्वामींच्या यात्रेला जाणारा भाविक हा ७२ टक्क्यांचा आकडा सहज प्रारब्ध म्हणून ऐकेल. ही गल्लत आहे. प्रारब्ध त्या एकाच जीवाचे, भोगूनच संपणारे मानले जाते. टक्केवारी कोणा एकाची नसते आणि नवी माहिती आली की बदलते. शिवाय जालन्याच्या स्टील कारखान्यातल्या हमालाला ऑस्ट्रेलियातल्या रुग्णासारखी रजा आणि विश्रांती कुठली? तिथला आकडा इथे जसाच्या तसा लावणे धाडसाचेच. वय, काम, मनाची उभारी यांचा हिशेब धरला तर अंदाज अधिक नेमका होतो. तरी शंभरांतल्या उरलेल्या २८ जणांत आपण आहोत का, हे त्या हमालाला कोणताही अभ्यास आधी सांगू शकत नाही.