खुरचाफ्याचे गोत्र

'आपण मूळचे कोणीकडचे?' हा प्रश्न आपल्या समाजात पहिल्याच भेटीत विचारला जातो. त्यात कुतूहल असते, पुष्कळदा आपुलकीही असते. परंतु कित्येकदा उत्तर येण्यापूर्वीच विचारणाराने मनात तराजू टांगलेला असतो. अमुक माणूस इथला, तमुक बाहेरचा; ही चाल आपली, ती परकी; अशी प्रतवारी लागते, आणि तिच्यावरून घर कोणास भाड्याने द्यावे, पंगतीत कोणास कोठे बसवावे, कोणाच्या शब्दास किती वजन द्यावे, हेही ठरून जाते. मूळ म्हणजे हक्क, हे समीकरण आमच्या इतके अंगवळणी पडले आहे की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते तपासण्यासाठी मोठे ग्रंथ धुंडाळण्याचे कारण नाही. पुष्कळांच्या परसात उभा असलेला खुरचाफा त्या कामी पुरेसा आहे.

मराठीत चाफा हे एका झाडाचे नाव नव्हे. सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा ही मंडळी एका नावाने नांदतात खरी, पण वनस्पतिशास्त्र त्या सर्वांस एका कुळात बसवीत नाही. संस्कृत कवींचा चंपक तो सोनचाफा. आम्ही ज्याविषयी लिहीत आहो तो खुरचाफा, म्हणजेच पांढरा चाफा किंवा देवचाफा: जाड, बोथट फांद्यांचा, मोडताच पांढरा चीक गाळणारा, हिवाळ्यात पाने टाकून उघडावाघडा उभा राहणारा, आणि पुढे त्याच ओबडधोबड टोकांवर पाच पाकळ्यांच्या, मध्ये पिवळी झाक असलेल्या फुलांचे झुपके धरणारा. तो कण्हेरीच्या कुळातला. त्याची जन्मभूमी मेक्सिको, मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीजची बेटे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या आज्ञेने शार्ल प्लुमिये (१६४६–१७०४) हा संन्यस्तवृत्तीचा वनस्पतिशास्त्रज्ञ त्या बेटांवर हिंडला. त्याच्याच नावावरून या झाडास 'प्लुमेरिया' हे शास्त्रीय नाव मिळाले, आणि १७५३ साली लिनिअसने आपल्या ग्रंथात ते कायम केले. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला. त्यापूर्वी आपल्याकडे हे फूल कोणी हुंगले असेल असे मानण्यास आधार नाही. कालिदासास ते ठाऊक नव्हते, ज्ञानेश्वरांसही नव्हते.

असे असूनही त्याचे नाव काय पडले? देवचाफा! देवळाच्या आवारात तो आहे, दर्ग्याशेजारी आहे, कबरस्तानातही आहे. सिंहलद्वीपात बुद्धापुढे तो वाहिला जातो. बाली बेटावरील हिंदूंच्या नैवेद्याच्या द्रोणात तो असतो. लाओस देशाने त्यास आपले राष्ट्रीय फूल मानले असून तेथील लोक त्यास 'दोक चंपा' म्हणतात. म्हणजे अमेरिकेतील फुलाने संस्कृत नाव घेऊन तिसऱ्याच देशात मानाचे स्थान मिळविले. मलायी भाषेत त्याचे नाव 'कंबोजा'. जणू ते कंबोडियातून आले. त्याची खरी जन्मभूमी विसरली गेली, पण त्यावाचून कोणाच्याही पूजेत उणे पडले नाही.

येथे कोणी शास्त्राधार काढील. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत घराजवळच्या झाडांचा विचार केला आहे. काटेरी झाडे शत्रुभय आणतात आणि चिकाची झाडे द्रव्यनाश करतात, असे तो म्हणतो. खुरचाफा त्याने पाहिलेला नव्हता. पण चीक आहे, तेव्हा या नियमाच्या कक्षेत तो येणारच. ज्या घरांत या झाडास आजही अंगणात जागा मिळत नाही, तेथे अशीच काही समजूत असते. स्मशानाशी जडलेल्या त्याच्या संबंधाचीही तीत भर पडते. परंतु नियम सांगणारे लोक वराहमिहिराचे पुढचे वाक्य सांगत नाहीत. अशी झाडे तोडावयाची नसतील, तर मध्ये अशोक, बकुळ, फणस, शमी यांसारखी प्रशस्त झाडे लावावी, असा मार्ग त्याने लगोलग दिला आहे. अशुभ मानलेल्याच्या मुळावर कुऱ्हाड घालण्यापेक्षा त्याच्या शेजारी चांगले काही रुजवावे, ही तोड आम्हास मूळ नियमापेक्षा अधिक विचार करण्यासारखी वाटते.

मूळ पाहूनच आपलेपणा ठरवावयाचा, तर एकादशीच्या ताटापुढे बसणे कठीण होईल. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, बटाटा, रताळे, शेंगदाणे, हिरवी मिरची, ही सारी अमेरिकेची प्रजा. व्रत प्राचीन, आणि त्याचा फराळ पाच शतकांच्या आतला! दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोचा, निशिगंधही तिकडचाच. अन्न सोवळे की ओवळे याचा इतका कीस काढणाऱ्या आमच्या पूर्वजांनी ही पाहुणी मंडळी थेट देवघरापर्यंत कशी येऊ दिली? त्यांनी जन्म पाहिला नाही, उपयोग आणि सहवास पाहिला. देवकीच्या पुत्रास जग यशोदेचा बाळ म्हणून ओळखते, यात देवकीचा अपमान आहे असे आपल्या परंपरेस कधी वाटले नाही.

तथापि एवढ्यावर थांबलो तर विचार अर्धवट राहील. सहवासाने सर्वच आपले होते काय? घाणेरी ब्रिटिश अमदानीत शोभेचे झुडूप म्हणून आली आणि रानेच्या राने तिने व्यापली. जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. आज ती आमच्या नद्या व तळी झाकून टाकीत आहे. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. हीही सारी अमेरिकेचीच. घाणेरीचा येथील मुक्काम काही थोडा नाही, म्हणून ती आपली झाली असे कोणी शेतकरी म्हणणार नाही. तेव्हा जन्म हे जसे आपलेपणाचे प्रमाण नव्हे, तसा केवळ कालावधीही नव्हे.

मग भेद कोठे आहे? तो खुरचाफा वाढविताना हाताला कळतो. आमच्याकडे या झाडास शेंग क्वचितच धरते. त्याचा सुगंध रात्री दाटतो तो पतंगांस बोलावण्यासाठी. फुलात मध नसतोच, आणि मायदेशीही फसलेला पतंगच त्याचे परागवहन करतो. बीज न धरणारे हे झाड आपल्या पायांनी कुंपण ओलांडीत नाही. त्याची फांदी उन्हाळ्याच्या अखेरीस कापावी, चीक वाळून जखम बुजेपर्यंत आठ-पंधरा दिवस सावलीत ठेवावी, मग वाळूमिश्रित, पाणी न धरणाऱ्या जमिनीत उभी करावी. ओल्या जखमेने लावली किंवा मायेपोटी पाणी फार घातले, तर ती बुंध्याशी कुजते. हिवाळ्यात तिची पाने गळाली म्हणजे ती मेली असे समजून उपटू नये. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी तांबेरा दिसला, तर ती पाने काढून नष्ट करावी. तोडून टाकलेली फांदी मुळाविना पडल्यापडल्याही कधी फुलते. पण झाड व्हावयास तिला कोणाचा तरी हात लागतो. म्हणजे आपल्याकडे उभा असलेला जवळजवळ प्रत्येक खुरचाफा कोणीतरी मागितलेला, कोणीतरी दिलेला आणि कोणीतरी लावलेला आहे. आपलेपणा आला तो या देण्याघेण्यातून आणि जोपासनेतून.

येथे एक धोका आहे, आणि तो न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हाच न्याय माणसांस लावून कोणी म्हणेल की, जो परका निमूट राहतो, आपल्या उपयोगी पडतो आणि संख्येने वाढत नाही, तोच आपला, बाकीचे घाणेरीसारखे. या उपमेचा आम्ही निषेध करतो. माणूस हे कोणाच्या बागेतील झाड नव्हे. झाड कोठे असावे हे माळी ठरवितो. माणसांमध्ये कोणी माळी नाही आणि कोणी तण नाही. ज्याचे म्हणणे ऐकून घेता येते, ज्याच्याशी न्यायाने वागण्याचे बंधन आपणावर आहे, त्यास उपयोगाच्या मापाने मोजणे हाच पहिला अन्याय होय. खुरचाफ्याच्या उदाहरणापासून जो बोध घ्यावयाचा, तो पाहुण्याने कसे असावे याविषयी नाही. यजमान कोणास म्हणावे याविषयी आहे.

आणि यजमानपणाचा आमचा दावा तरी कितपत पक्का? पुण्यातील किती घराण्यांनी कोकणातून घाट चढून येथे बिऱ्हाड थाटले! तंजावरास गेलेल्या मराठ्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत कावेरीकाठी राज्य केले. त्यांचे वंशज आजही घरी मराठी बोलतात. त्यांस 'मूळचे कोणीकडचे' असे विचारले, तर कोणते उत्तर खरे मानावयाचे? पिढ्यान्‌पिढ्या एका गावी राहून ज्याने तेथील ओढ्यात केर लोटला, विहीर बुजविली आणि बंगला पाडून इमारत उभी करताना आजोबांनी लावलेले झाड एका सकाळीत तोडविले, तो 'इथला' कोणत्या अर्थाने? आणि काल आलेला जो भाडेकरू गॅलरीतील कुंडीत मागून आणलेली फांदी जगवितो, तो 'बाहेरचा' कोणत्या अर्थाने? जन्माने मिळालेला आपलेपणा ही वारशाची ठेव आहे. तीत भर न घालता नुसती खर्चीत राहिले, तर ती संपते. आणि संपल्यावर उरतो तो केवळ अभिमान.

म्हणून आमची सूचना साधी आहे. कोणास त्याचे मूळ विचारण्यास हरकत नाही. ऐकण्यासारख्या कितीतरी कथा त्यातून निघतील. परंतु हक्काचा निवाडा करावयाचा झाला, तर प्रश्न निराळा विचारावा, आणि तो प्रथम स्वतःस विचारावा: या भूमीवर आपण जोपासले काय? ज्यांच्या परसात खुरचाफा आहे त्यांच्याकडे वैशाखात कोणी नवा शेजारी फांदी मागावयास येईल. त्याचे गाव विचारण्यापूर्वी ती कापून द्यावी, आणि लावण्यापूर्वी चीक वाळू द्या, एवढे सांगावे.