पुण्य कुणाच्या खात्यावर?

निकोला फिलिबेर या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ला म्वांद्र दे शोज’ हा माहितीपट बघताना मला पहिली अडचण आली ती माणसं ओळखण्याची. माझी नोकरी मनोरुग्णालयात सिस्टर म्हणून झाली. पेशंट कोण हे मी चालीवरून सांगते. औषधांनी जड झालेले पाय, थरथरणारी बोटं, दुपारीही न उतरलेली झोप. पण इथे गवतावर बसून स्क्रिप्ट वाचणाऱ्या घोळक्यातला नर्स कुठला आणि पेशंट कुठला, हे मला बराच वेळ कळेना. पांढरा कोट कुणाच्याच अंगावर नाही. निवेदक नाही, नावांच्या पट्ट्या नाहीत. फिलिबेर सांगतच नाही, आणि थोड्या वेळाने आपणही विचारायचं सोडतो.

ही जागा म्हणजे ला बोर्द. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या खोऱ्यात, ब्लुआ शहराजवळच्या एका जुन्या सरदारी वाड्यात जाँ ऊरी या मानसोपचारतज्ज्ञाने १९५३ मध्ये सुरू केलेलं क्लिनिक. आधीच्या क्लिनिकच्या मालकांशी त्यांचं पटलं नाही, म्हणून ते ३३ रुग्णांना बरोबर घेऊन चक्क बाहेर पडले, अशी या जागेची जन्मकथा. चित्रीकरण १९९५ च्या उन्हाळ्यातलं. दरवर्षी १५ ऑगस्टला इथे सगळे मिळून नाटक करतात. त्या वर्षी पोलिश लेखक गोम्ब्रोविचचं ‘ऑपेरेटा’ होतं. कपड्यांच्या थाटाची खिल्ली उडवणारं हे नाटक गणवेश नसलेल्या जागी व्हावं, याचं मला हसू आलं.

नाटकापेक्षा माझं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. ला बोर्दमध्ये कामं वाटण्याचा एक तक्ता असायचा. ऊरी यांचे सहकारी फेलिक्स गुआतारी यांनी त्यावर पुष्कळ डोकं लावलं होतं. डॉक्टरच्या वाट्याला भांडी घासणं येई, धुलाईवाल्या बाईच्या वाट्याला रुग्णांची सोबत. हे सुखासुखी झालं नाही, भांडणं झाली. होणारच. आमच्याकडे वॉर्डबॉयच्या सुट्टीत झाडू कुणी उचलायचा यावरून दोन पाळ्यांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय.

रुग्णाच्या हाती काम देण्याच्या या विचाराचं मूळ ऊरी यांनी फ्रान्समधल्याच सेंत-आल्बाँच्या मनोरुग्णालयात पाहिलं होतं. तिथे स्पेनच्या यादवी युद्धातून जीव वाचवून आलेले तोस्केयेस हे कॅटलान डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन अंमलाखालच्या फ्रान्समध्ये मनोरुग्णालयांतले ४०,००० हून अधिक रुग्ण उपासमारीने आणि त्यातून आलेल्या आजारांनी मेले. कुणी गोळ्या घातल्या नाहीत. रेशन पुरेना आणि भिंतीआडच्या माणसाला बाहेर जाऊन काही मिळवताही येईना. सेंत-आल्बाँमधले रुग्ण मात्र आसपासच्या शेतांवर राबायला गेले आणि त्या बदल्यात अन्न आणलं. तिथली बहुतेक माणसं जगली. या एका गोष्टीपाशी मी अडते. त्यांना जगवलं ते त्यांच्यावर कुणी दया केली म्हणून नव्हे. त्यांच्याकडे द्यायला काही होतं आणि ते द्यायची वाट मोकळी होती म्हणून.

आपल्याकडे सेवेला फार मान. माझे वडील माळकरी. रुग्णसेवा म्हणजे ईश्वरसेवा हे वाक्य माझ्या नेमणुकीच्या कागदाआधी माझ्या कानावर पडलं. पुण्य सेवा करणाऱ्याला. मग जिची सेवा होते तिच्या खात्यावर काय? जिला आंघोळ घालतात, जेवू घालतात, वेळेवर झोपवतात, तिला पुण्य कमवायला आपण जागा कुठे ठेवली? आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या. तांदूळ दिसला की हात पुढे जायचा. निवडायला बसल्या तर तासभर बडबड बंद. पण पेशंटने स्वयंपाकघरात यायचं नाही, असा नियम. नियम करणाऱ्यांची नियत वाईट नव्हती. चाकू, गॅस, उकळतं तेल, सगळी भीती खरी होती. तरी त्या नियमाने मावशींना कायमचं ऋणी केलं.

वडील जनाबाईची गोष्ट सांगायचे: विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळतो. ऐकणारे देवाच्या मोठेपणावर डोळे पुसत. मला आता जनीचं कौतुक वाटतं. जात्याचा खुंटा तिने त्याला धरू दिला. सगळ्यांकडून फक्त घेत बसलेल्या त्या देवाला तिने हातभर काम दिलं. (वडिलांना हे सांगितलं असतं तर ते रागावले असते, किंवा दुसऱ्या दिवशी कीर्तनात वापरलं असतं.)

ला बोर्दमध्ये सगळे समान झाले असं म्हणायची माझी तयारी नाही. चित्रपटात गोळ्यांच्या वाट्या दिसतात, आणि त्यात काय पडायचं ते लिहिणारा डॉक्टरच असतो. संध्याकाळी नर्स घरी जाते. आजारही खरा आहे; नाटकातलं वाक्य तोंडात असताना चेहरा एकदम कुठेतरी निघून जातो, ते मी ओळखते. तक्त्याने तो बरा होत नाही.

तरी चित्रपटातला एक प्रसंग मनातून जात नाही: टेलिफोनच्या खोलीत एक रुग्ण बसतो. बाहेरून आलेला फोन उचलणं, ज्याचा त्याला जोडून देणं, हे त्याचं काम. हा प्रसंग मी आमच्या जुन्या मेट्रनबाईंना सांगितला. त्या लगेच म्हणाल्या, “अगं, आणि एखाद्याच्या आईचा फोन असला, निरोप पोचला नाही, तर जबाबदार कोण?”

“तोच, बाई,” मी म्हटलं. “त्याला बोलणी बसू देत. आईची माफी मागू दे. आणि उद्या पुन्हा त्याच खुर्चीत बसू दे.”

बाईंना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, माफी मागायची वेळ आलीच तर ती मेट्रनने मागायची असते.