मत आणि प्रश्न

अध्यक्षीय पद्धतीची मागणी भारतात अधूनमधून डोके वर काढते, आणि ती करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा राज्यघटनेपेक्षा एखादी व्यक्ती असते. आघाडीतले रुसवेफुगवे, आमदारांच्या हॉटेलवाऱ्या, १९९९ साली २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडलेले केंद्र सरकार, हे सारे पाहून विटलेल्या सुशिक्षित वर्गाला ठरावीक मुदतीचा, विधिमंडळाला न हलवता येणारा प्रमुख हा उतारा वाटतो. लोकहितदक्ष हुकूमशहाची कल्पना येथे विचारात घेण्याचे कारण नाही, कारण लोकांचे हित कशात आहे हे त्यात तोच ठरवतो.

अध्यक्षीय पक्षाचा युक्तिवाद मात्र असा निकालात काढता येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्थैर्य आणि उत्तरदायित्व या दोन कसोट्या लावल्या होत्या, आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अद्याप सापडलेली नाही हे मान्य करूनच उत्तरदायित्वाच्या बाजूने कौल दिला होता. यावर टीकाकार म्हणतात की १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, हा कौल पोकळ करून टाकला: पक्षादेशाविरुद्ध मत देणारा सदस्य अपात्र ठरत असेल, तर सत्ताधारी बाकांवरून सरकार पाडणार कोण? आक्षेप खरा आहे. पण तो उत्तरदायित्व म्हणजे पदच्युती असे गृहीत धरतो, आणि गफलत तिथेच आहे. सरकार हटवता येणे वेगळे, त्याला जाब विचारता येणे वेगळे. पक्षादेश मताला बांधतो. प्रश्नाचा त्या परिशिष्टात उल्लेखही नाही.

१९५७च्या डिसेंबरात आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत गुंतवलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांचा विषय लोकसभेत लावून धरला तो फिरोज गांधींनी, म्हणजे सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने (शिवाय पंतप्रधानांच्या जावयाने). त्यांनी सरकारविरुद्ध मत दिले नाही, तशी गरजही पडली नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यामार्फत उघड चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. बहुमत जिथल्या तिथे राहिले. अमेरिकेत काँग्रेसच्या समित्या मंत्र्यांना साक्षीला बोलावतात, त्यांची उलटतपासणी कित्येकदा भारतातल्या चर्चेहून कडक असते, हे कबूल करावे लागेल. पण मंत्री तिथे सभागृहाचा सदस्य नसतो आणि राष्ट्राध्यक्षाला रोजच्या कामकाजात समोर बसवण्याची सोयच नाही.

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचे असा प्रश्न. त्याचे मूळ उत्तर मंत्रालयात आधीच तयार झालेले असते, त्यामुळे त्यात फारसे काही हाती लागत नाही. खरी परीक्षा उपप्रश्नाची. तो पूर्वसूचनेशिवाय येतो, अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून चिठ्ठी येईपर्यंत मंत्र्याला स्वतःच्या माहितीवर वेळ निभावावी लागते, आणि विषय त्याला कितपत ठाऊक आहे हे सगळ्यांना दिसते. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात साथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला, तेव्हा लेखी उत्तरे चालूच होती. उपप्रश्न तेवढे नव्हते.